प्रश्न वाचकांचे : पात्यांवरील भारावरून वाऱ्याचा अंदाज

गेल्या अंकात या सदरात पवनचक्कीच्या माथ्यावरील वायुवेगमापक आणि वातकुक्कुट (वाऱ्याची दिशा दाखवणारे उपकरण) यांच्या मर्यादांविषयी लिहिले होते. रोटरच्या, म्हणजे फिरणाऱ्या पात्यांच्या चक्राच्या, मागे बसवलेली ही उपकरणे पात्यांनी ढवळलेला वारा मोजतात, असा त्यातला मुख्य मुद्दा होता. आणि पात्यांच्या मुळाशी मोजलेल्या भारावरूनही वाऱ्याचा अंदाज बांधता येतो, असे जाता जाता एका वाक्यात म्हटले होते. त्या एका वाक्यावर ठाणे आणि नवी मुंबईतून इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्यांनाच द्यावे लागले. पत्रे लांब असल्याने प्रश्न संक्षेपाने दिले आहेत.

प्रश्न : ऐरोलीतील एका कंपनीच्या देखरेख कक्षात मी काम करतो. सातारा आणि धुळे जिल्ह्यांतील पवनचक्क्यांची माहिती आमच्या पडद्यांवर अखंड येत असते. काही नव्या यंत्रांत प्रत्येक पात्याच्या मुळाशी भार मोजणारे सेन्सर आहेत. वातकुक्कुटाप्रमाणे यंत्र वाऱ्याच्या अगदी समोर उभे असते, तरीही प्रत्येक फेरीत तिन्ही पात्यांचा भार एकदा वाढतो आणि एकदा कमी होतो. यावरून यंत्राचे तोंड वाऱ्यापासून वळलेले आहे असे म्हणावे का? आणि भारावरून वारा नेमका काढतात तरी कसा?
— एक अभियंता, ऐरोली

उत्तर : आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे. फेरीतून एकदा होणारा चढउतार, ज्याला आपल्या कक्षात ‘वन-पी’ म्हणत असतील, तो तोंड अचूक वाऱ्याकडे असतानाही दिसतोच. त्याची किमान दोन कारणे एकाच वेळी हजर असतात आणि केवळ त्या एका चढउताराकडे पाहून त्यांची वाटणी करता येत नाही.

आकडे घेऊन पाहू. अमेरिकेच्या राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेने संशोधकांसाठी ५ मेगावॅटचे एक कागदावरचे संदर्भ यंत्र २००९ मध्ये प्रसिद्ध केले. त्याची सर्व मापे खुली असल्यामुळे उदाहरणाला ते सोयीचे आहे. रोटरचा व्यास १२६ मीटर, हबची, म्हणजे पाती जोडलेल्या मध्याची, उंची ९० मीटर, आणि सेकंदाला ११.४ मीटर वाऱ्यात ते मिनिटाला १२.१ फेऱ्या घेत पूर्ण क्षमतेने चालते, म्हणजे एक फेरी सुमारे ५ सेकंदांची. जमिनीपासून वर जावे तसा वारा वाढतो. वारा उंचीच्या एका घाताने वाढतो असे मानून ही वाढ मांडतात, आणि यंत्राच्या रचनेच्या आंतरराष्ट्रीय मानकात त्याचा घातांक ०.२ धरतात. तो येथे धरला तर हबपाशी ११.४ असलेला वारा वरच्या टोकाला, १५३ मीटर उंचीवर, १२.७ भरतो आणि खालच्या टोकाला, २७ मीटरवर, जेमतेम ९ उरतो. त्यामुळे पाते वर असताना अधिक वाकते आणि खाली आल्यावर सैल पडते. यंत्राचे तोंड कितीही अचूक असले तरी हे चुकत नाही.

आता यंत्राचे तोंड वाऱ्यापासून १० अंशांनी वळलेले आहे असे समजा. ११.४ च्या वाऱ्याचा जवळजवळ २ मीटर प्रतिसेकंद इतका भाग रोटरला आडवा वाहू लागतो. पात्याच्या तीन चतुर्थांश लांबीवरचा भाग स्वतः सेकंदाला ६० मीटर वेगाने फिरत असतो. पाते वरच्या बाजूला असताना हा आडवा वारा त्याच्या चालीच्या विरुद्ध येत असेल, तर त्या भागाला ६२ चा वारा लागतो. तेच पाते खाली पोचले की त्याची चाल उलट दिशेला असते, म्हणून तेथे ५८ लागतो. भार पुन्हा वर अधिक आणि खाली कमी. आडवा वारा दुसऱ्या बाजूने आला, तर हाच परिणाम उंचीमुळे आलेल्या फरकातून वजा होतो. म्हणजे उंचीनुसार वाढणारा वारा आणि वळलेले तोंड ही दोन्ही कारणे भाराच्या आलेखात एकाच जागी सही करतात. आपल्या पडद्यावर दिसते ती या दोन सह्यांची बेरीज.

बाजारात वांगी आणि बटाटे मिळून एकच रक्कम दिली असेल, तर त्यावरून दोन्हींचे भाव काढता येत नाहीत. त्यासाठी वेगळ्या प्रमाणात घेतलेल्या त्याच भाज्यांचे दुसरे बिल हाती असावे लागते. येथे ते दुसरे बिल पात्यातच उपलब्ध असते. पाते वाऱ्याच्या दाबाने मागे वाकते, तसेच ते रोटरच्या प्रतलातही, म्हणजे फिरण्याच्या दिशेने, वाकत असते. समोरून येणारा वारा वाढला की पात्यावर हवा येण्याचा कोन बदलतो आणि पात्यावरील उचल (हवेच्या प्रवाहाला काटकोनात लागणारा जोर) पुढे कलते, त्यामुळे प्रतलातील भार जोराने वाढतो. आडव्या वाऱ्याने पात्याला लागणारा वेग वाढला, तर हवेचा दाब वाढतो खरा, पण तो कोन थोडा कमी होतो. दोन्ही कारणांचा प्रतलाबाहेरील आणि प्रतलातील भारांवरचा परिणाम वेगवेगळ्या प्रमाणात होत असल्यामुळे दोन्ही भार एकत्र वाचले की गणित सुटते.

व्यवहारात अज्ञात राशी चार धरतात : वाऱ्याचा उंचीनुसार बदल, डावी-उजवीकडील बदल, वळलेल्या तोंडामुळे येणारा आडवा वारा, आणि खालून वर येणारा वारा. मोजलेल्या राशीही चारच मिळतात, कारण दोन्ही भारांचे वर-खाली आणि डावे-उजवे असे दोन-दोन घटक निघतात. पहिल्या आणि तिसऱ्या राशीची छाप वर-खालीच्या घटकावर अधिक पडते, दुसऱ्या आणि चौथ्या राशीची डाव्या-उजव्या घटकावर. तीन पात्यांचे फिरते भार रोटरच्या कोनाच्या साहाय्याने स्थिर दिशांमध्ये आणण्याची युक्ती हेलिकॉप्टरच्या अभ्यासातून आली आहे. कोलमन आणि फाइनगोल्ड यांच्या नावाने ती ओळखली जाते आणि अमेरिकेच्या तत्कालीन विमानविद्या समितीच्या १९५८ च्या अहवालात ती सविस्तर आहे. आपल्या नव्या यंत्रांत प्रत्येक पात्याचा पिच (स्वतःच्या लांबीच्या अक्षाभोवती वळण्याचा कोन) स्वतंत्रपणे हलवून भार कमी करण्याची सोय असेल, तर त्याच्या नियंत्रकात ही क्रिया आधीपासून चालू आहे असे समजण्यास हरकत नाही.

वाऱ्याचा सरासरी वेग मात्र या चारांत नाही. तो तिन्ही पात्यांच्या सरासरी भारावरून, फेऱ्यांच्या गतीवरून आणि पिचवरून काढावा लागतो. येथे एक खोच आहे. यंत्र पूर्ण क्षमतेला पोचेपर्यंत वाऱ्याबरोबर भार वाढतो, पण त्यानंतर पाती पिच होऊ लागतात आणि वारा वाढत असताना भार उतरू लागतो. एकच भार दोन निरनिराळ्या वेगांना दिसू शकतो. त्यामुळे केवळ भार विरुद्ध वेग असा तक्ता बनवणाऱ्याची फसगत नेमकी त्याच वेगांपाशी होते, जेथे यंत्र सर्वाधिक ताणाखाली असते. हवेची घनताही विसरू नये. साताऱ्याजवळील वनकुसवड्याचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १,१५० मीटर उंच आहे. तेथील हवा समुद्रकिनाऱ्यावरील हवेपेक्षा साधारण १० टक्के विरळ असते, आणि भार घनतेच्या प्रमाणात व वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे ही दुरुस्ती न केल्यास वेग सुमारे ५ टक्क्यांनी कमी भासतो. त्याशिवाय दर ३ अंश तापमानामागे घनता १ टक्क्याने बदलते, हेही गणितात घ्यावे लागते.

सह्याद्रीच्या यंत्रांबाबत माझी एक सूचना आहे. पठाराच्या कड्यावर वारा खालून वर चढतो आणि कड्याजवळ जमिनीलगतचा वारा दाबला जाऊन वेगवान होतो, त्यामुळे उंचीनुसार होणारी वाढ तेथे फार कमी किंवा क्वचित उलटीही असू शकते. सपाट प्रदेशातील यंत्रावरून उचललेला ०.२ हा घातांक गृहीत धरून आलेली सर्व तफावत वळलेल्या तोंडाच्या माथी मारली, तर ऐरोलीत बसून आपण एक निर्दोष वातकुक्कुट हलवायला सांगाल. म्हणून आलेले अंदाज वाऱ्याच्या दिशेनुसार वेगळे करून पाहावेत. वातकुक्कुटच वाकडा बसवला असेल, तर त्रुटी जवळजवळ सर्व दिशांना सारखी येते. डोंगरामुळे येणारी त्रुटी दिशा बदलली की बदलते. उत्पादकाची परवानगी असल्यास, स्थिर वाऱ्यात यंत्राचे तोंड मुद्दाम ५-५ अंशांनी सरकवून अंदाज तेवढाच सरकतो का, हे तपासणे सर्वांत खात्रीचे. तो सरकला नाही, तर अंदाजपद्धतीत दोष आहे.

एवढा खटाटोप कशासाठी, असे आपले वरिष्ठ विचारतीलच. १० अंशांच्या चुकीने शक्ती सैद्धांतिकदृष्ट्या ४.५ टक्क्यांनी घटते, प्रत्यक्षात ही घट ३ टक्क्यांच्या आसपासही दिसते. भार मोजणारे सेन्सर आधीच बसवलेले असतील तर हा लाभ जवळजवळ फुकट आहे. केवळ वारा मोजण्यासाठी ते नव्याने बसवण्याचा सल्ला मात्र मी देणार नाही.

प्रश्न : ठाण्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयात शेवटच्या वर्षात आहे. भारावरून वारा काढणारे मॉडेल ‘शिकवण्यासाठी’ खऱ्या वाऱ्याची मोजमापे लागतील. आमच्याकडे लिडार (लेझरने दुरून वारा मोजणारे उपकरण) नाही आणि उंच मनोराही नाही. संगणकावरील अनुकरणावर भागेल का?
— एक विद्यार्थिनी, ठाणे (पश्चिम)

उत्तर : आपल्या प्रकल्पासाठी भागेल. सुरुवात त्यानेच करावी. वर उल्लेखिलेल्या संदर्भ यंत्राची सर्व माहिती आणि ते चालवणारी खुली संगणक प्रणाली विनामूल्य मिळते. निरनिराळ्या वेगांना चारही अज्ञात राशी थोड्याथोड्या बदलून भार काढावेत आणि प्रत्येक वेगासाठी एक रेषीय संबंध बसवावा. तो उलटा केला की अंदाजक तयार होतो. मात्र तो वापरून पाहताना शिकवण्यासाठी वापरलेलेच वारे पुन्हा देऊ नका. ज्यात झुळुका आहेत आणि जे मॉडेलने कधी पाहिलेले नाहीत, असे खवळलेले वारे द्या आणि उत्तरे १० मिनिटांच्या सरासरीने तपासा. क्षणोक्षणीच्या उत्तराची अपेक्षा ठेवल्यास निराशा पदरी येईल, कारण पात्याला एकाच वेळी भेटणारी लहान झुळूक आणि संपूर्ण रोटरवरचा बदल यांतील फरक भाराला कळत नाही.

खऱ्या यंत्रावर शिकवताना एक निराळीच अडचण उभी राहते. उंचीनुसार होणारा बदल निसर्ग आपोआप पुरवतो : दुपारी तापलेल्या जमिनीवर हवा घुसळली जाते तेव्हा तो कमी असतो, रात्री हवा थरांत बसते तेव्हा तो पुष्कळ वाढतो. तोंड वळवणे आपल्या हातात असते. पण खालून येणारा वारा आणि डाव्या-उजव्या बाजूंतील फरक त्या जागी जवळजवळ ठरलेले असतात; ते हवे तसे बदलता येत नाहीत आणि जे बदलत नाही ते मॉडेल शिकणार कसे? म्युनिच तांत्रिक विद्यापीठातील कार्लो बोत्तासो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर शोधलेला उपाय मला फार देखणा वाटतो. तीन पात्यांचा रोटर कोणत्याही दिशेकडून पाहिला तरी सारखाच असल्यामुळे, वर-खालीचा फरक ९० अंशांत फिरवला की तो डावा-उजवा फरक होतो आणि आडवा वारा फिरवला की तो खालून येणारा वारा होतो. म्हणून पहिली जोडी शिकली की दुसरी जोडी आपोआप हाती येते. ही सममिती मोडणारी मुख्य गोष्ट गुरुत्वाकर्षण, कारण ते एकाच दिशेला ओढते. त्यामुळे पात्याच्या वजनाचा वाटा आधी गणिताने वजा करावा लागतो. ही पद्धत पवनबोगद्यातील लहान प्रतिकृतींवर आणि पुढे प्रत्यक्ष यंत्रावरही तपासली गेली आहे.

आपल्या अहवालात एक गोष्ट स्पष्ट लिहावी. पद्धतीतून मिळणारा ‘उंचीनुसार बदल’ हा एका सरळ नियमात बसवलेला बदल असतो. रात्री कधी कधी ठरावीक उंचीवर वाऱ्याचा वेगवान पट्टा तयार होतो आणि त्याच्या वर वारा पुन्हा मंदावतो. तो पट्टा रोटरच्या आत पडला तर मॉडेल त्याला सर्वांत जवळचा सरळ नियम सांगून मोकळे होते. परीक्षकांनी याविषयी विचारले तर ही मॉडेलची रचनाच आहे, असे सांगावे.

प्रश्न : माझा मुलगा ज्या पवनऊर्जा प्रकल्पावर आहे तेथे मागच्या रांगेतील यंत्रे नेहमी कमी वीज देतात. पुढच्या यंत्राची ‘सावली’ मागच्यावर कधी पडते हे पात्यांच्या भारावरून कळते का?
— एक वाचक, घणसोली

उत्तर : कळते, आणि माझ्या मते या पद्धतीचा सर्वांत व्यवहारी उपयोग हाच. येथे चार घटकांचे गणितही लागत नाही. रोटरचे वर, खाली, डावे, उजवे असे चार भाग कल्पावेत. ज्या भागातून पाते जात असेल, त्या वेळच्या त्याच्या भारावरून त्या भागातील वाऱ्याचा वेग काढावा आणि पुढचे पाते येईपर्यंत तो धरून ठेवावा. तीन पाती असल्यामुळे, वर सांगितलेल्या यंत्रात प्रत्येक भागाची माहिती दर १.७ सेकंदांनी ताजी होते. पुढच्या यंत्राने शक्ती काढून घेतलेला मंद वारा उजव्या अर्ध्यावर येत असेल, तर उजवा भाग डाव्यापेक्षा सतत मंद दिसू लागतो. वारा थोडा फिरला की हा फरक आधी पुसला जातो आणि मग उलट्या बाजूला उमटतो. माथ्यावरच्या एका वायुवेगमापकाला हे कधीच दिसणार नाही.

डोंगराच्या आडोशामुळेही एक बाजू मंद दिसू शकते. पण यंत्रांच्या जागा नकाशावर पक्क्या असतात, त्यामुळे कोणत्या दिशेच्या वाऱ्यात कोणाची सावली कोणावर पडणार हे आधी काढता येते. त्या ठरावीक दिशांनाच फरक उमटत असेल तर ती सावली समजावी, त्याभोवतीच्या विस्तृत पट्ट्यात तो कायम राहत असेल तर डोंगर. आपल्या मुलाच्या प्रकल्पात पुढच्या आणि मागच्या यंत्रांना जोडणारी रेषा नैऋत्य-पश्चिमेकडून येणाऱ्या पावसाळी वाऱ्याला आडवी असेल, तर जून ते सप्टेंबरमध्ये ही तक्रार बरीच कमी व्हायला हवी. ती तेव्हाही तशीच राहत असल्यास कारण सावलीखेरीज दुसरीकडे शोधावे.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या गच्चीवर लहान पवनचक्की बसवण्याचा प्रस्ताव आहे. विक्रेता म्हणतो की पात्यांवरील ताण मोजून ती गच्चीवरील वाऱ्याचा अंदाज स्वतःच देईल. हे खरे मानावे का?
— एक सचिव, नेरूळ

उत्तर : तत्त्व खरे असले तरी आपल्या कामाचे नाही. लहान पाती मिनिटाला शेकडो फेऱ्या घेतात, गच्चीवरील वारा कठड्यांवरून आणि पाण्याच्या टाक्यांवरून उसळून येतो, आणि यंत्र विकत घेतल्यानंतर कळलेला वारा खरेदीच्या निर्णयाला उपयोगी नाही. यंत्र जेथे बसणार त्या उंचीवर खांबावर साधा वायुवेगमापक बसवून वर्षभर नोंदी ठेवाव्यात आणि त्या घेऊन विक्रेत्याशी बोलावे. शक्ती वेगाच्या घनाने बदलते, त्यामुळे सरासरी ६ ऐवजी ३ मीटर निघाली तर शक्ती साधारण एक अष्टमांशावर येते.

प्रश्न : वागळे इस्टेटमधील आमच्या लहान कारखान्यात आम्ही वजनकाट्यांसाठी स्ट्रेन गेज (ताणाने रोध बदलणाऱ्या पट्ट्या) चिकटवण्याचे काम करतो. पवनचक्कीच्या पात्यात हेच गेज चालतात का? प्रकाशतंतूचे सेन्सर चांगले असे ऐकतो, त्यात तथ्य किती?
— एक तंत्रज्ञ, ठाणे

उत्तर : आपले हात ज्या कामाला सरावलेले आहेत, तेच काम तेथे लागते. पण पृष्ठभाग पोलादाचा नसून काचतंतू आणि रेझिनचा असतो, आणि तेवढ्याने बऱ्याच सवयी बदलाव्या लागतात. ३५० ओहमचा नेहमीचा गेज घ्या. पात्याच्या मुळाशी लांबीत दशलक्ष भागांमागे ५०० भागांइतका ताण आला, तर त्याचा रोध जेमतेम ०.३५ ओहमने बदलतो, आणि ते मोजण्यासाठी व्हीटस्टन ब्रिज (रोधातील सूक्ष्म बदल दाखवणारी चार भुजांची जोडणी) हवाच. पोलाद गेजमध्ये विजेमुळे निर्माण होणारी उष्णता लगेच शोषून घेते, काचतंतू घेत नाही. त्यामुळे वजनकाट्याला देता तेवढा व्होल्टेज दिला तर गेज स्वतःच्याच उष्णतेने सरकू लागतो. व्होल्टेज कमी ठेवावा किंवा १,००० ओहमचे गेज वापरावेत. पोलादाशी जुळवलेली तापमान-भरपाई येथे लागू पडत नाही, म्हणून पात्याच्या समोरासमोरच्या बाजूंना जोडीने गेज लावून पूर्ण ब्रिज करावा : वाकण्याचे परिणाम त्यात बेरजेने येतात, तर तापमानाचे आणि फिरण्यामुळे पात्याला बसणाऱ्या ओढीचे परिणाम एकमेकांना छेदून जातात. पृष्ठभाग घासताना तंतू कापले जाणार नाहीत इतक्या बारीक कागदाने घासावा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने एकाच दिशेने पुसावा, आणि वर्षानुवर्षे टिकायचे असेल तर झटपट चिकटणाऱ्या गोंदाऐवजी इपॉक्सी वापरावी. गेज पात्याच्या आतील बाजूला, गोल भागात आणि बोल्टांच्या छिद्रांपासून पुरेशा अंतरावर असावेत, कारण छिद्रांभोवतीचा ताण पात्याच्या वाकण्याविषयी खरे बोलत नाही.

प्रकाशतंतूच्या सेन्सरचा मुख्य फायदा वीज पडण्याच्या संदर्भात आहे. वळवाच्या विजांमध्ये डोंगरमाथ्यावरील पात्यात तांब्याच्या तारा टाकणे धोक्याचे, काचतंतूला ती भीती नसते. तो दीर्घकाळ टिकतोही. पण तो तापमानाला मुळीच दाद देत नाही असा जो समज आहे तो चुकीचा आहे. हा सेन्सर म्हणजे तंतूत कोरलेली, एकच तरंगलांबी परतवणारी जाळी. १,५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या जाळीत दशलक्ष भागांमागे एका भागाइतक्या ताणाला तरंगलांबी सुमारे १.२ पिकोमीटर सरकते, आणि एक अंश तापमानाला सुमारे १० पिकोमीटर. म्हणजे एका अंशाचा फरक आठ भागांच्या ताणासारखा दिसतो. शेजारी तापमान मोजणारी वेगळी जाळी हवीच. तीच दुरुस्ती न करता केलेल्या मोजमापात सकाळ-दुपारचा फरक वाऱ्याच्या फरकासारखा दिसू लागतो.

सेन्सर कोणताही असो, तो चिकटवताना राहिलेला थोडासा तिरपेपणा सर्वांत महागात पडतो. संदर्भ यंत्राचे पाते १७.७ टनांचे असून त्याचा गुरुत्वमध्य मुळापासून २०.५ मीटरवर आहे. पाते आडवे असताना स्वतःच्या वजनाने ते मुळाशी सुमारे ३,५६० किलोन्यूटन-मीटर इतक्या बेंडिंग मोमेंटने (वाकवणाऱ्या आघूर्णाने) कडेच्या दिशेला, म्हणजे पात्याच्या रुंदीच्या दिशेने, वाकते. मागे वाकणे मोजणारा गेज ५ अंशांनी फिरलेला असेल, तर यातील ३१० किलोन्यूटन-मीटर त्यात शिरतात. ते एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे असताना उलट्या चिन्हांनी येत असल्यामुळे अंदाजक त्यांना डाव्या-उजव्या वाऱ्याचा फरक किंवा खालून येणारा वारा समजतो. आपण चिकटवलेल्या एका पट्टीची चूक ऐरोलीच्या पडद्यावर डोंगराचा वारा म्हणून उमटते. पाते पिच होते तेव्हा गेजही त्याच्याबरोबर फिरतात, त्यामुळे पिचचा कोन वापरून भार रोटरच्या प्रतलात फिरवून घेण्याचे काम याशिवाय वेगळे असते.

ही चूक शोधण्यासाठी वजनच उपयोगी पडते. पावसाळी वारे ओसरल्यावर, अगदी मंद वारा असलेल्या दिवशी, रोटर संथ फिरवावा. पिच शून्यावर असताना वजनाचा चढउतार कडेच्या दिशेच्या गेजमध्ये दिसला पाहिजे. पिच ९० अंशांवर नेला की तोच चढउतार मागे वाकणे मोजणाऱ्या गेजमध्ये आला पाहिजे. पात्याचे वजन आणि गुरुत्वमध्य उत्पादकाच्या कागदावर असतात, त्यामुळे अपेक्षित आकडा आधीच माहीत असतो. दोन्ही स्थितींत न अपेक्षिलेल्या गेजमध्ये जितके गळून आले असेल, तितका गेज वाकडा आहे, आणि तेवढी दुरुस्ती गणितात कायमची घालता येते. हे मोजमाप पावसाळ्यापूर्वी एकदा आणि नंतर एकदा, तिन्ही पात्यांवर स्वतंत्रपणे घ्यावे, आणि शून्याची नोंद त्या दिवशीच्या पात्याच्या तापमानासह लिहून ठेवावी.